लुईझियानाचं खरेदीखत: विकलं कुणी, घेतलं काय, आणि कब्जा कुणाचा होता?

नदीकाठ

सेंट लुईसला मिसिसिपीच्या काठावर पोलादाची कमान आहे, ६३० फूट उंच. भारतातून कुणीही घरी आलं की पहिल्या शनिवारी आम्ही त्यांना तिथे नेतो. सध्या माझे बाबा आले आहेत. बाबा तलाठी म्हणून निवृत्त झाले. कमानीखालच्या संग्रहालयात मी त्यांना सांगत होते की १८०३ मध्ये अमेरिकेने लुईझियाना नावाचा हा सगळा मुलूख फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला विकत घेतला आणि देश एका सहीनिशी दुप्पट झाला. बाबांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "फ्रान्सच्या नावावर कधी लागला होता? आणि कब्जा कुणाचा होता?"

अकरा वर्षं मी या जमिनीवर राहतेय, आणि मला दोन्हींचं धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून रोज रात्री वाचतेय. जे समजलं ते इथे मांडते. कुठे चुकले तर जरूर सांगा.

आधी व्यवहार. अमेरिकेला सुरुवातीला हवं होतं ते फक्त एक बंदर, न्यू ऑर्लिन्स. अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे केंटकी, टेनेसी, ओहायोत जे शेतकरी जाऊन वसले होते, त्यांचा माल डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्याला नेणं परवडत नव्हतं. पीठ, खारवलेलं मांस, तंबाखू सपाट तळाच्या होड्यांत भरायचं, नदीने खाली न्यायचं आणि न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर उतरवून मोठ्या जहाजात चढवायचं. बंदर स्पेनचं होतं. १७९५ च्या तहाने स्पेनने माल उतरवून ठेवायची मुभा दिली होती, आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती काढून घेतली. नदीकाठच्या शेतकऱ्याचा श्वासच कोंडला.

त्यातच एक बातमी फुटली होती. १ ऑक्टोबर १८०० च्या गुप्त करारात स्पेनने लुईझियाना फ्रान्सला परत द्यायचं कबूल केलं होतं. दुबळा स्पेन शेजारी असणं वेगळं आणि नेपोलियन शेजारी असणं वेगळं. एप्रिल १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने पॅरिसमधल्या आपल्या वकिलाला, म्हणजे राजदूत रॉबर्ट लिव्हिंग्स्टनला, लिहिलं की पृथ्वीवर एकच जागा अशी आहे, जिचा धनी आपला स्वाभाविक शत्रू ठरतो, आणि ती जागा न्यू ऑर्लिन्स. हा जेफरसन आयुष्यभर फ्रान्सच्या बाजूचा माणूस. त्याने लिहिलं आहे म्हणून त्या वाक्याचं वजन मला जास्त वाटतं.

लिव्हिंग्स्टनच्या मदतीला जेम्स मन्रोला पाठवलं. न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडासाठी ५ कोटी फ्रँकपर्यंत जायची परवानगी होती. ११ एप्रिल १८०३ ला परराष्ट्रमंत्री तालेराँने लिव्हिंग्स्टनला अचानक विचारलं, सगळं लुईझियाना घ्यायचं तर किती द्याल? मन्रो दुसऱ्या दिवशी पॅरिसला पोचला. वॉशिंग्टनला विचारून उत्तर यायला काही महिने लागले असते, म्हणून दोघांनी स्वतःच्या जबाबदारीवर होकार दिला. समोर फ्रान्सतर्फे खजिन्याचा मंत्री बार्बे-मार्ब्वा होता. ३० एप्रिल १८०३ ही तहावरची तारीख.

किंमत अशी: जमिनीचे ६ कोटी फ्रँक, म्हणजे १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर. शिवाय अमेरिकन व्यापाऱ्यांचं फ्रान्सकडे जे येणं होतं, ते ३७ लाख ५० हजारांपर्यंत अमेरिकन सरकारने आपल्या अंगावर घेतलं. मिळून दीड कोटी. मुलूख सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल. आपल्या महाराष्ट्रासारखी सात राज्यं त्यात मावतील. एकराला तीन सेंटांच्या आसपास पडले.

आता बाबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. विक्रीच्या दिवशी न्यू ऑर्लिन्सवर स्पेनचाच झेंडा होता. फ्रान्सने रीतसर ताबा घेतला ३० नोव्हेंबर १८०३ ला आणि अमेरिकेला दिला २० डिसेंबरला. मधे फक्त २० दिवस. ही जमीन तिसऱ्या कुणाला देणार नाही, असा शब्द फ्रान्सने स्पेनला दिला होता, तोही मोडला. बाबा म्हणाले, "म्हणजे फेरफार व्हायच्या आधीच पुढचं खरेदीखत." तसंच म्हणायला हवं.

वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ती सँ-दोमँगपाशी, म्हणजे आजच्या हैतीपाशी. फ्रान्सची सर्वात श्रीमंत वसाहत हीच. युरोपातल्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा वाटा तिथून येई, आणि तो पिकवत गुलाम. नेपोलियनच्या मनात लुईझियाना हे या बेटाचं कोठार होतं. तिथून धान्य, मांस, लाकूड यायचं आणि बेटावर फक्त ऊस आणि कॉफी पिकवायची. पण १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला होता आणि स्वतःला मोकळं केलं होतं. त्यांचा नेता तूसाँ लूव्हेर्तूर. १८०२ च्या सुरुवातीला नेपोलियनने आपला मेहुणा जनरल लक्लेर याला मोठं सैन्य देऊन पाठवलं. तूसाँला बोलणीसाठी बोलावून पकडलं आणि फ्रान्सला नेलं. ७ एप्रिल १८०३ ला तो डोंगरातल्या थंड किल्ल्यात मेला. लढाई मात्र थांबली नाही. दुसऱ्या एका बेटावर फ्रान्सने गुलामी परत आणली, ही बातमी आली तेव्हा लोक पुन्हा उठले. पिवळ्या तापाने सैन्य संपत आलं, नोव्हेंबर १८०२ मध्ये लक्लेरही गेला. बेटच हातचं गेल्यावर त्याचं कोठार कशाला ठेवायचं?

अमेरिका दुप्पट झाली ती साखळ्या तोडून लढलेल्या या माणसांमुळे. कमानीखाली मला जेफरसन दिसतो. तूसाँचं नाव इथे येणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि पुढचा हिशेब. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, स्वातंत्र्य मान्य करण्याबद्दल त्याच्याकडे १५ कोटी फ्रँक मागितले. ते पुढे ९ कोटींवर आले. एवढ्या अफाट मुलखाचे फ्रान्सने अमेरिकेकडून ६ कोटी घेतले होते. हैतीचं त्यापायी झालेलं कर्ज फिटायला १९४७ उजाडलं.

बाबांचा दुसरा प्रश्न, कब्जा कुणाचा होता, तो अजून पुरता सुटलेला नाही. जाणकारांनी लिहावं.


केतकी_पुणे

वाचतेय. शाळेत "लुईझियाना खरेदी" एका ओळीत संपली होती. काकांचे प्रश्न फार नेमके आहेत, त्यांना नमस्कार सांगा.


दख्खनी

उत्तम धागा. एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. हैती हे कारण आहेच, पण निर्णायक कारण इंग्लंडशी पुन्हा सुरू होणारं युद्ध. १८०२ चा तह मोडकळीला आला होता आणि मे १८०३ मध्ये युद्ध पुकारलंच गेलं. इंग्रज आरमारापुढे लुईझियाना राखणं फ्रान्सला शक्य नव्हतं. हातची जाणारच, तर पैसे घेऊन मित्राला द्यावी, हा सरळ हिशेब.

या युद्धाची दुसरी बाजू आपल्याकडे दिसते. मार्च १८०३ मध्ये जनरल देकाँ फ्रान्सहून पाँडिचेरीला निघाला होता. जुलैत पोचला, तर इंग्रजांनी त्याला ताबा दिला नाही, आणि तो मॉरिशसला निघून गेला. दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेत पेराँसारखे फ्रेंच अधिकारी होते, त्यांचा बागुलबुवा दाखवून गव्हर्नर जनरल वेलस्लीने युद्धाची तयारी केली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला, आणि फ्रेंचांना नोकरीत ठेवायचं नाही हे शिंद्यांकडून त्यात लिहून घेतलं. न्यू ऑर्लिन्सवर अमेरिकेचा झेंडा चढला त्यानंतर दहा दिवसांनी. त्या एका वर्षात फ्रान्स मिसिसिपीवरूनही उठला आणि दोआबातूनही. आम्ही १८०३ म्हटलं की असईपाशी थांबतो, म्हणून हे लिहिलं.


नदीकाठ

दख्खनी, सुर्जी-अंजनगाव आणि न्यू ऑर्लिन्समध्ये दहाच दिवसांचं अंतर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. आमचं आजोळ अमरावतीकडचं, त्यामुळे ते बराच वेळ अंजनगावबद्दल बोलत होते.

तुमच्या मुद्द्याबद्दल: इंग्लंडचं कारण मला मान्य आहे. पण क्रम बघा. १८०२ च्या हिवाळ्यात लुईझियानाचा ताबा घ्यायला निघालेलं फ्रेंच सैन्य हॉलंडच्या बंदरात बर्फामुळे अडकून पडलं होतं. म्हणजे तोवर नेपोलियनचा बेत जिवंत होता. हैतीतून लक्लेरच्या मृत्यूची आणि सैन्याच्या वाताहतीची बातमी जानेवारीत पोचली आणि एप्रिलमध्ये विक्री. हैती हातात असता, तर युद्ध समोर असूनही त्याने एवढ्या सहज सोडलं असतं असं मला वाटत नाही.


दख्खनी

बर्फात अडकलेल्या सैन्याचा मुद्दा जोरकस आहे. "निर्णायक" हा शब्द मी मागे घेतो. दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली होती एवढं नक्की.


हिशेबनीस

पैशाची बाजू लिहितो, कारण माझं आयुष्य बँकेत गेलं आणि मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

अमेरिकेकडे रोख नव्हतीच. जमिनीच्या रकमेचे सहा टक्के व्याजाचे रोखे काढले. नेपोलियनला रोखे नको होते, त्याला युद्धासाठी रोकड हवी होती. मग लंडनची बेअरिंग आणि अ‍ॅमस्टरडॅमची होप या दोन पेढ्यांनी ते रोखे दर शंभराला साडेसत्त्याऐंशी या भावाने उचलले. फ्रान्सच्या हाती पडले सुमारे ५ कोटी २० लाख फ्रँक. म्हणजे इंग्लंडशी लढायचा पैसा नेपोलियनला मिळाला तो लंडनच्या पेढीमार्फत, आणि इंग्लंडच्या सरकारला हे ठाऊक होतं. फ्रान्स अमेरिकेतून जाणं त्यांना त्या पैशापेक्षा मोलाचं वाटलं असणार.

व्याज धरून अमेरिकेला एकूण २ कोटी ३० लाखांच्या वर खर्च आला. तीन सेंट एकर सांगताना हे व्याज कुणी सांगत नाही.

आणखी एक. राज्यघटनेत परकी मुलूख विकत घ्यायचा अधिकार केंद्राला दिलेला नव्हता. जेफरसन घटनेचा अर्थ अक्षरशः लावणारा. त्याने घटनादुरुस्तीचा मसुदाही केला होता. पण पॅरिसहून पत्र आलं की नेपोलियनचं मन बदलायच्या आत उरका. मसुदा बाजूला ठेवला गेला आणि २० ऑक्टोबर १८०३ ला सेनेटने तह २४ विरुद्ध ७ मतांनी मान्य केला. अगदी प्रामाणिक माणसालाही हातात आलेलं सोडवत नाही तेव्हा काय होतं, हे या एका प्रसंगात दिसतं.


मोजणीदार

तुमच्या वडिलांना माझा रामराम. मी भूमी अभिलेखमध्ये ३४ वर्षं काढली. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

खरेदीखतात तीन गोष्टी आधी बघतात: विकणाऱ्याचा हक्क, चतुःसीमा आणि कब्जा. हक्काचं वर आलंच आहे. चतुःसीमा या तहात नाहीतच. स्पेनकडून फ्रान्सला जेवढं मिळालं तेवढं, असं मोघम लिहिलं आहे. अमेरिकन वकिलांनी तालेराँला हद्द विचारली तेव्हा त्याने सांगितलं की तुम्ही चांगला सौदा केला आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही बघून घ्या. मग हद्दी ठरवायला १८१८ मध्ये इंग्लंडशी आणि १८१९ मध्ये स्पेनशी वेगळे करार करावे लागले.

कब्ज्याचं म्हणाल तर न्यू ऑर्लिन्स, सेंट लुईस आणि नदीकाठची काही गावं सोडली, तर फ्रान्सचा किंवा स्पेनचा कब्जा कुठेच नव्हता. ओसेज, डाकोटा, लकोटा, पॉनी, मॅन्डन, कॅडो अशी राष्ट्रं तिथे नांदत होती. त्यांना कुणी विचारलं नाही. मग फ्रान्सने विकलं काय? तर त्या लोकांकडून जमीन घ्यायचा पहिला हक्क. दुसऱ्या कुठल्या युरोपी सत्तेने तिथे यायचं नाही, एवढंच. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व निकालात मांडलं की मूळ रहिवाशांना राहण्याचा हक्क आहे, पण ती जमीन त्यांच्याकडून घेऊ शकतं फक्त सरकार. आपल्या भाषेत सांगायचं तर वहिवाट त्यांची, आणि गिऱ्हाईक एकच. गिऱ्हाईक एकच असेल तर भाव कोण ठरवतो, हे तुमच्या वडिलांना सांगायला नको.


अवनी_न

मोजणीदार काका, तुमच्यामुळे मला पहिल्यांदा नीट कळलं. मग त्या लोकांकडून पुढे जमीन घेतली कशी? पैसे दिले का?


मिनेसोटाकर

अवनी, आमच्या गावचंच उदाहरण देतो. मिनियापोलिसच्या विमानतळाला लागून फोर्ट स्नेलिंग आहे. तिथे मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते. डाकोटा लोक या संगमाला ब्डोटे म्हणतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांची उत्पत्ती तिथलीच. आपल्याला संगमाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

सप्टेंबर १८०५ मध्ये झेब्युलन पाइक नावाचा तरुण लष्करी अधिकारी तिथे आला. किल्ल्यासाठी जमीन हवी होती. सात डाकोटा प्रमुखांपैकी फक्त दोघांनी कागदावर खूण केली. जमीन एक लाख एकर. किमतीची जागा कोरी. पाइकचा स्वतःचा अंदाज होता की जमीन २ लाख डॉलरची आहे. १८०८ मध्ये सेनेटने त्या कोऱ्या जागी आकडा भरला: २,०००.

१८६२ च्या डाकोटा आणि अमेरिकेतल्या युद्धानंतर याच किल्ल्याखालच्या छावणीत सुमारे १,६०० डाकोटा बायका, मुलं, म्हातारी माणसं हिवाळाभर डांबून ठेवली होती. कित्येक तिथेच गेली. मी दर हिवाळ्यात एकदा तिथे जाऊन उभा राहतो. उणे वीस तापमानात दहा मिनिटं उभं राहवत नाही.

ड्रेड स्कॉट नावाचा गुलामही याच किल्ल्यात राहिला होता. लुईझियानाच्या या उत्तर भागात १८२० च्या तडजोडीने गुलामीला बंदी होती, म्हणून तिथे राहिल्यामुळे आपण मुक्त आहोत असा दावा त्याने सेंट लुईसच्या कोर्टात केला. नदीकाठ, ती इमारत तुमच्या कमानीसमोरच आहे. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि तडजोडच घटनाबाह्य ठरवली. विकत घेतलेल्या मुलखात गुलामी चालू द्यायची की नाही, हा वाद शेवटी यादवी युद्धापर्यंत गेला.


केतकी_पुणे

किमतीची जागा कोरी ठेवून खूण घेतली हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे आदिवासी पाड्यांवर सावकारांनी कोऱ्या कागदावर अंगठे घेतल्याच्या गोष्टी आजी सांगायची.


मोजणीदार

काळ्या टेकड्यांचं (डाकोटातल्या ब्लॅक हिल्सचं) प्रकरणही अवनीने वाचावं. १८६८ च्या तहाने त्या लकोटांना राखून दिल्या होत्या. सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये काढून घेतल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घेणं म्हणजे भरपाई न देता केलेलं संपादन ठरवलं आणि दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मान्य केली. लकोटांनी ती उचललेली नाही. व्याजासकट ती रक्कम शंभर कोटींच्या पुढे गेली आहे. त्यांचं म्हणणं एकच, जमीन विकायला काढलेली नव्हती. नोकरीत मी भरपाई नाकारणारी माणसं पाहिली आहेत. लोक त्यांना हट्टी म्हणत. मला ती कधी हट्टी वाटली नाहीत.

नदीकाठ, एक विचारायचं होतं. एवढ्या मुलखाची मोजणी सुरू कुठून केली?


नदीकाठ

काका, तुमचा प्रश्न बाबांना वाचून दाखवला आणि परवा आम्ही थेट तिथेच जाऊन आलो. गाडीने साडेचार तास लागले. आर्कन्सामध्ये एक दलदल आहे. १८१५ मध्ये दोन मोजणीदार, एक नदीच्या मुखाकडून उत्तरेला आणि दुसरा दुसऱ्या नदीच्या मुखाकडून पश्चिमेला, साखळीने मोजत निघाले. १८१२ च्या युद्धातल्या सैनिकांना जमिनी वाटायच्या होत्या. दोघांच्या रेषा जिथे छेदल्या ती जागा या दलदलीत आली. खुणेसाठी दोन झाडांना खाचा पाडल्या होत्या. १९२१ मध्ये त्या पुन्हा सापडल्या. आता तिथे पाण्यात ग्रॅनाइटचा दगड आहे आणि तिथवर लाकडी पायवाट. काळं स्थिर पाणी, पाण्यातच वाढलेली झाडं, पक्ष्यांशिवाय आवाज नाही. आर्कन्सा, मिझुरी, आयोवा, मिनेसोटा आणि दोन्ही डाकोटा राज्यांतल्या जमिनींचे गट त्या बिंदूपासून मोजले आहेत. बाबा दगडापाशी कितीतरी वेळ उभे होते. म्हणाले, "एवढ्या चिखलात साखळी ओढली, माणसं कष्टाची होती."

घरी आल्यावर त्यांनी आमच्या घराचे कागद मागितले. त्यावर त्या बिंदूतून जाणारी मोजणीची उत्तर-दक्षिण मध्यरेषाच आहे, पाचवी. मागे मागे जात बाबांनी वहीत मालकांची नावं लिहिली. सगळ्यात वर त्यांनी अमेरिकन सरकार लिहिलं, मग त्याच्या वर फ्रान्स, त्याच्या वर स्पेन, आणि मला विचारलं, "त्याच्या वर?" मी ओसेज सांगितलं. १८०८ च्या तहात ओसेजांनी आजच्या मिझुरी आणि आर्कन्सामधली प्रचंड जमीन सोडली. बदल्यात दोन्ही शाखांना मिळून १,२०० डॉलर रोख आणि दर वर्षी १,५०० डॉलरचा माल. नंतर त्यांना पश्चिमेकडे ढकलत नेलं. आज त्यांचं ठाणं ओक्लाहोमात आहे.

सेंट लुईस शहरात त्यांच्या पूर्वजांच्या काळातली एकच मातीची टेकडी उरली आहे, शुगरलोफ माउंड. तिच्यावर खाजगी घरं होती. २००९ मध्ये ओसेज राष्ट्राने तिचा काही भाग विकत घेतला. रीतसर, पैसे देऊन, खरेदीखत करून. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. बाबा रविवारी परत जाणार, त्याआधी त्यांना ती बघायची आहे.